निवृत्तीनंतरचीं अठ्ठेचाळीस वर्षें

जुन्या पुण्यांत पेन्शनर हा एक स्वतंत्र वर्गच मानला जात असे. सकाळीं पर्वती चढून यावी, परततांना मंडईंतून निवडून भाजी आणावी, दुपारीं ज्ञानेश्वरी किंवा वर्तमानपत्र उघडून आरामखुर्चींत पडावें आणि संध्याकाळीं समवयस्कांच्या बैठकींत नव्या पिढीच्या चुका मोजाव्या, असा त्याचा दिनक्रम. त्यांत वावगें कांहीं नव्हतें. पंचवीस-तीस वर्षें जोखड वाहिलेल्या माणसानें चार दिवस मान मोकळी केली, तर त्याला कोण नांवें ठेवील? मराठी भाषेनें ह्या अवस्थेला नांवही मोठें थोर दिलें आहे. नोकरी संपते तिला निवृत्ति म्हणतात. आणि ज्या परंपरेंतून हा शब्द आला, तेथें संसाराच्या सर्व खटपटींतून मन काढून घेणें असा त्याचा अर्थ आहे.

१९१४ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे एक प्राध्यापक ह्या वर्गांत दाखल झाले. वय छप्पन्न वर्षांचें, नोकरी तेवीस वर्षांची, प्रकृति काटक, बोलणें मोजकें आणि पेन्शन बेताची. त्यांचें नांव धोंडो केशव कर्वे. घरचीं व आश्रमांतलीं माणसें त्यांना अण्णा म्हणत. कॉलेजांत त्यांनीं जितकीं वर्षें शिकविलें, त्याच्या दुपटीहून अधिक वर्षें ते पेन्शनर म्हणून जगले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, वयाच्या एकशेपांचव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. मध्यंतरींचीं हीं अठ्ठेचाळीस वर्षें त्यांनीं कशीं घालविलीं, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

कर्व्यांना लोकांनीं महर्षि म्हटलें. १९५८ सालीं राष्ट्रानें त्यांना भारतरत्न ही पदवी दिली. ह्या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. परंतु त्यांचा एक अनिष्ट परिणामही होतो. महर्षीला नमस्कार केला कीं मनुष्य मोकळा होतो. जें ऋषींचें काम, तें आपल्यासारख्या संसारी माणसाचें नव्हे, अशी सोयीची समजूत करून घेतां येते. म्हणून महर्षि क्षणभर बाजूस ठेवून त्यांच्यांतला निवृत्त शिक्षक पाहावा, हें अधिक उपयोगाचें. तो शिक्षक अलौकिक बुद्धीचा नव्हता, श्रीमंत नव्हता, फर्डा वक्ता तर मुळींच नव्हता. त्याच्याजवळ होती ती एक फार जुनी संवय.

ती संवय कोठें लागली हें पाहावयाचें तर कोंकणांत जावें लागतें. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली ह्या आजोळच्या गांवीं झाला. बाळपण गेलें तें दापोली तालुक्यांतील मुरूड येथें. समुद्रकांठचें तें लहानसें गांव, घरची स्थिति ओढगस्तीची. तेथें सोमणगुरुजी नांवाचे एक शिक्षक होते. शाळेचे धडे तर ते देतच. पण गांव हें आपलें घर आहे आणि घरच्या कामाला कोणी बोलावण्याची वाट पाहावयाची नसते, हेंही त्यांनीं मुलांच्या मनावर ठसविलें. त्यांच्याच प्रेरणेनें लहानगा धोंडू दुर्गादेवीच्या देवळांत बसून गांवच्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांच्यापर्यंत अक्षर पोंचविण्याचें हें त्यांचें पहिलें काम. त्याबद्दल कोणी कांहीं देत नव्हतें, आणि कांहीं मिळावें अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

दुसरी गोष्ट १८७५ सालची. सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठीं सतरा वर्षांचा हा मुलगा सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्याला पायीं निघाला. दिवस पावसाळ्याचे, वाट कुंभार्ली घाटाची, अंतर शंभर मैलांहून अधिक. चार दिवस चालून मंडळी साताऱ्यास पोंचली. परीक्षेस बसण्यासाठीं वयाचीं सतरा वर्षें पुरीं असावयास हवीं होतीं. तेथील प्रमुखांना हा किरकोळ बांध्याचा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनीं त्याला परत पाठविलें. पुढें ती परीक्षा त्यानें कोल्हापुरास दिली आणि तो उत्तीर्ण झाला. शंभर मैल चालून गेल्यावर दार बंद मिळालें तर मुकाट्यानें दुसऱ्या दाराकडे वळावयाचें, हा धडा साताऱ्याच्या परीक्षकांनीं नकळत दिला. पुढल्या आयुष्यांत तो पुष्कळ वेळां उपयोगीं पडला.

१८८१ सालीं मॅट्रिक आणि १८८४ सालीं बी. ए. झाल्यावर कर्वे मुंबईंत शाळांतून शिकवूं लागले व खासगी शिकवण्या करूं लागले. ह्याच काळांत त्यांनीं स्वतःशीं एक नेम केला: मिळकतीच्या दर रुपयांतून एक पैसा सार्वजनिक कामासाठीं वेगळा काढावयाचा. त्या वेळच्या नाण्यांत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत, म्हणजे हा वांटा चौसष्टांतला एक. शेकडा दीड रुपयाच्या आसपास. गणिताच्या शिक्षकानें फार विचारपूर्वक निवडलेला हा अपूर्णांक आहे. तो इतका लहान कीं गरिबांतल्या गरिबाला जड वाटूं नये. आणि प्रत्येक रुपयाला लागूं असल्यामुळें तो कधीं चुकूंही नये. उरलें तर देऊं, असें ह्यांत नाहीं. जें द्यावयाचें तें आधीं बाजूस निघतें, आणि जें उरतें त्यांत संसार होतो. पुढें मुरूडच्या रहिवाशांनीं आपल्या मिळकतीचा थोडा भाग गांवच्या उपयुक्त कामांसाठीं एकत्र करावा, म्हणून त्यांनीं मुरूड फंड उभा केला. स्वतः केलेला नेम चौघांनीं मिळून पाळावा, एवढाच त्या फंडाचा अर्थ होता.

१८९१ सालीं गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास आले. पुढल्या वर्षीं ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. अल्प वेतनावर निदान वीस वर्षें शिकवावयाचें, अशी ती बांधिलकी. १८९१ मध्येंच त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, हा त्यांचा निश्चय होता. त्याप्रमाणें ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं आपल्या मित्राच्या विधवा भगिनी गोदूबाई ह्यांच्याशीं विवाह केला. गोदूबाई ह्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढें सर्व महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे ह्या नांवानें ओळखूं लागला. ज्या मुरुडासाठीं कर्वे पैसा पैसा वेगळा काढीत होते, त्याच मुरुडानें त्यांना वाळींत टाकलें. घरच्या माणसांनाही त्याची झळ लागली.

१८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. १८९९ च्या आरंभीं पुण्यांत भाड्याच्या घरांत आश्रम सुरू झाला, आणि शहरांत प्लेगचा कहर चालू असल्यामुळें १९०० सालीं तो हिंगण्यास हलविण्यांत आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले ह्यांनीं तेथें सहा एकर जमीन दिली आणि झोंपडी बांधण्यापुरते पैसेही दिले. गांवाबाहेरची ओसाड जागा. धड रस्ता नाहीं. दिवसभर कॉलेजांत बीजगणित व भूमिति शिकवून कर्वे संध्याकाळीं तीन-चार मैल चालत हिंगण्यास जात. पावसाळ्यांत चिखल तुडवीत जावें लागे. रात्रीं आश्रमांतल्या स्त्रियांना शिकवावें, त्यांची विचारपूस करावी आणि दुसऱ्या दिवशीं कॉलेजाच्या वेळेला पुन्हां पुण्यांत हजर व्हावें, असा क्रम पुष्कळ दिवस चालला.

हें सारें निवृत्तीच्या आधींचें झालें. मग निवृत्तीच्या विषयांत तें कशाला, असें कोणी विचारील. त्याचें कारण साधें आहे. नोकरी संपल्यावर समाजसेवा करूं, असा संकल्प पुष्कळ भले लोक करतात. आणि त्यांतले बहुतेक तो पार पाडूं शकत नाहींत. ह्यांत त्यांच्या हेतूचा दोष नसतो. तीस वर्षें ज्या हातानें एक पैसाही वेगळा काढलेला नाहीं, त्या हाताला साठाव्या वर्षीं तें वळण एकाएकीं लागत नाहीं. कर्व्यांच्या बाबतींत १९१४ सालीं नवें असें कांहींच घडलें नाहीं. दोन कामांपैकीं पगाराचें तेवढें संपलें, आणि दुसऱ्या कामाला सबंध दिवस मिळाला.

मात्र ह्या जमाखर्चांत खर्चाची बाजूही आहे, आणि ती लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कर्व्यांनीं आपली शिल्लक आश्रमाला दिली. आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नांवें केली. घरांत वाढतीं मुलें होतीं. उद्यां कर्त्या पुरुषाचें कांहीं बरेंवाईट झालें तर ह्या मुलांनीं काय करावें, हा प्रश्न बायांच्या मनांत उठल्यावांचून राहिला नाहीं, आणि तो त्यांनीं मनांतच ठेवलाही नाहीं. ‘माझें पुराण’ ह्या आपल्या आत्मकथेंत त्यांनीं ह्या ओढाताणीची हकीकत मोकळेपणानें सांगितली आहे. ती वाचतांना मन द्विधा होतें. शेंकडों अनाथ स्त्रियांना आधार देणारा पुरुष आपल्या घरच्या स्त्रीला निर्धास्तपणा देऊं शकला नाहीं, हें तर खरेंच. आणि त्या स्त्रीनें काटकसरीनें घर रेटलें नसतें, तर ह्या पुरुषाला रोज हिंगण्याची वाट चालतां आली नसती, हेंही तितकेंच खरें. बायांनीं तक्रार केली, पण साथ सोडली नाहीं. पुढें त्यांनीं स्वतःही संस्थेसाठीं वर्गणी गोळा केली. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले ह्यांनीं तर सबंध आयुष्य आश्रमाला वाहिलें. सार्वजनिक कार्यकर्त्याच्या देणगीवर एकाच नांवाची पावती फाडली जाते. पैसे मात्र घरांतल्या सगळ्यांच्या पदरचे असतात. १९५० सालीं बाया गेल्या. अण्णांच्या सन्मानाचे मोठमोठे समारंभ त्यानंतर झाले.

निवृत्त झाल्यावर दीड-दोन वर्षांतच एक प्रसंग घडला. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद कर्व्यांना देण्यांत आलें. भाषणाची तयारी करतांना त्यांना एका पुस्तिकेची आठवण झाली. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी ती पुस्तिका कांहीं वर्षांपूर्वीं कोणीसें त्यांना पाठविली होती, आणि कामाच्या गर्दींत ती तशीच बाजूला पडली होती. आतां ती त्यांनीं लक्षपूर्वक वाचली. हिंदुस्थानांतही स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ असावें, शिक्षणाचें माध्यम मातृभाषा असावें आणि इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवावी, अशी कल्पना त्यांनीं परिषदेपुढें मांडली. आणि १९१६ च्या जून महिन्यांत विद्यापीठ सुरूही झालें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे पहिले कुलपति, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिले कुलगुरु. महाविद्यालयांतील विद्यार्थिनींची पहिल्या वर्षींची संख्या पांच.

पांच विद्यार्थिनींचें विद्यापीठ! त्या वेळीं ह्या गोष्टीची थट्टा करणें अगदीं सोपें होतें. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं हा पेन्शनर झोळी घेऊन हिंदुस्थानभर फिरूं लागला. त्याचें बोलणें साधें असे. वक्तृत्वानें सभा हलविणें त्याला जमत नसे. तो आपली योजना सांगे, हिशेब पुढें ठेवी आणि वर्गणी मागे. कोणी कमी दिलें म्हणून रागावणें नाहीं, कोणी अधिक दिलें म्हणून भारावून जाणें नाहीं. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं आपल्या मातुःश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें नांव मिळालें. एक लक्षांत घेण्याजोगें आहे: ही मोठी देणगी आली ती चार वर्षें लहान लहान वर्गण्यांवर काम चालवून दाखविल्यानंतर. लाख देणाऱ्याचा विश्वास रुपया देणाऱ्यांच्या यादींतूनच तयार होतो.

१९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, कर्वे युरोप, अमेरिका आणि जपान अशा प्रवासास निघाले. त्यानंतर पूर्व व दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांकडेही ते जाऊन आले. हेतु एकच, विद्यापीठाची माहिती देणें आणि त्यासाठीं मदत मागणें. तेथून परतले तेव्हां ते पंचाहत्तरीच्या घरांत आले होते. विद्यापीठ रुजलें होतें, आश्रम वाढला होता. येथें थांबले असते, तरी त्यांना कोणी आळशी म्हटलें नसतें.

परंतु ह्या निवृत्त शिक्षकाच्या आयुष्यांतली सर्वांत विलक्षण गोष्ट ह्यापुढची आहे, आणि तिचा उल्लेख फार थोड्या वेळां होतो. १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, कर्व्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलें. त्या काळीं खेड्यांतल्या शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे असत. बोर्डाजवळ पैसा थोडा. त्यामुळें लहान वस्त्यांना शाळा मिळत नसे. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणें हिंदुस्थानांत शंभरांतील दहा माणसेंही साक्षर नव्हतीं. जेथें बोर्ड पोंचत नाहीं अशा लहान खेड्यांत प्राथमिक शाळा काढावयाच्या, एवढेंच मंडळाचें काम. आरंभ त्यांनीं आपल्या पेन्शनींतूनच केला, आणि मग पुण्यांत दारोदार फिरून ते वर्गणी मागूं लागले.

हें दृश्य डोळ्यांपुढें आणण्यासारखें आहे. ज्यानें विद्यापीठ उभें केलें, ज्याच्या संस्थेला पंधरा लाखांची देणगी मिळाली, तो ऐंशीच्या घरांतला वृद्ध सदाशिव-नारायण पेठांतल्या जिन्यांवरून चढतो-उतरतो आहे, आणि एका खेड्यांतल्या मास्तराचा महिन्याचा पगार निघावा म्हणून चार आणे, आठ आणे मागतो आहे. मोठ्या कामानंतर मनुष्याला लहान काम हातीं धरवत नाहीं. विद्यापीठ काढलेल्यानें त्याहून मोठें कांहीं काढावें, निदान सल्लागार म्हणून बसावें, अशी जगाची रीत. कर्वे मात्र उलट दिशेनें चालत गेले. विधवांचा आश्रम, मुलींची शाळा, स्त्रियांचें विद्यापीठ, आणि मग एका खेड्यांतली पहिली इयत्ता. शिक्षकाच्या दृष्टीनें पाहिलें तर ह्यांत उलट असें कांहीं नाहीं. वर्गांत सर्वांत मागें राहिलेल्या मुलाकडे चांगला शिक्षक अखेरीस वळतोच. मुरूडच्या देवळांत वर्तमानपत्र वाचून दाखविणाऱ्या मुलानें ज्यांच्यासाठीं तें वाचलें, त्याच निरक्षर माणसांच्या मुलाबाळांकडे साठ वर्षांनीं तो परत आला होता.

ह्या कामाला आणखी एक बाजू आहे. लाखाची देणगी देणाऱ्याचें नांव इमारतीवर लागतें. चार आणे देणाऱ्याचें नांव कोठेंच लागत नाहीं. परंतु त्या चार आण्यांबरोबर तो त्या खेड्याशीं बांधला जातो. ज्या गृहिणीनें कधीं तें गांव पाहिलें नाहीं, तिच्या घरच्या खर्चांत त्या गांवच्या शाळेची एक ओळ येते. महिन्याच्या महिन्याला दार वाजलें कीं तिला त्या शाळेची आठवण होते. कर्वे जिने चढत होते ते पैशासाठीं हें उघडच आहे. पण जे पैसे चार धनिकांकडून मिळाले असते ते चारशें घरांतून मिळविण्यांत शिक्षणाचाच एक भाग होता. शहर खेड्याचें ऋणी आहे, हा धडा त्यांनीं पुण्याच्या पेठांना शिकविला.

कर्व्यांच्या कामांत उणिवा नव्हत्या असें नाहीं. आश्रमाला विरोध कमी व्हावा म्हणून त्यांनीं पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून अलग ठेवली. ही माघार आहे, असें त्या काळच्या कांहीं सुधारकांनाही वाटलें. आश्रमाचें दार आरंभीं मुख्यतः ब्राह्मण समाजांतील स्त्रियांसाठींच उघडें होतें. ज्या पुण्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ सालींच मुलींची शाळा काढून खालच्या मानलेल्या जातींनाही विद्येचें दार उघडलें, त्या पुण्यांत ही मर्यादा डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाहीं. विरोधाला न दुखवितां जेवढें पुढें जातां येईल तेवढें जावयाचें, ही कर्व्यांची पद्धत. तिच्यामुळें संस्था टिकल्या. आणि तिच्यामुळेंच कांहीं जणांना वाट पाहावी लागली.

परंतु ह्या मनुष्याचें वैशिष्ट्य असें कीं, वयाबरोबर त्याचें वर्तुळ आंखडत गेलें नाहीं, रुंदावत गेलें. १९४४ सालीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, त्यांनीं समता संघ स्थापन केला. जातिभेद व उच्चनीचता नाहींशी व्हावी, हा त्याचा हेतु. बहुतेक माणसें म्हातारपणीं आपल्या तरुणपणच्या मतांची आठवण सांगून समाधान मानतात. हा गृहस्थ नव्वदीकडे झुकतांना आपल्या तरुणपणच्या मतांना जें साधलें नव्हतें तें साधावयास निघाला होता. समता संघानें समाज पालटला, असें म्हणतां येणार नाहीं. तो लहानसा प्रयत्न होता. पण जुनी उणीव ओळखून, अशा वयांत, पुन्हां वर्गणीची वही हातीं घेणारीं माणसें किती असतात?

त्यांच्या स्वभावाचा थोडा विचार केल्यावांचून हें कोडें उलगडत नाहीं. कर्वे लाजाळू होते. सभेंत पुढें बसण्याची हौस नाहीं, वादांत जिंकण्याची ईर्ष्या नाहीं. त्यांनीं लिहिलेलें ‘आत्मवृत्त’ पाहावें. त्यांत अलंकार जवळजवळ नाहींतच. अमुक सालीं अमुक केलें, इतके रुपये जमले, इतके खर्च झाले, अशा चालीनें तें जातें. वाचतांना प्रथम रुक्ष वाटतें. मग ध्यानांत येतें कीं, हा रुक्षपणा हीच त्यांची नीति आहे. लोकांचा पैसा घेणाऱ्यानें पैशापैशाचा हिशेब द्यावयाचा आणि स्वतःच्या भावनांचा हिशेब मागूं नये, असा त्यांचा दंडक होता. सेवा करणाऱ्याला कृतज्ञतेची भूक लागली कीं सेवेचा सावकार होतो. ती भूक ह्या मनुष्याला लागलेली दिसत नाहीं. ज्या गांवानें वाळींत टाकलें त्याच्याविषयीं त्यांनीं कडवटपणा जोपासला नाहीं. आणि ज्या राष्ट्रानें पुढें डोक्यावर घेतलें, त्याच्यापुढेंही त्यांची मान ताठली नाहीं. १८ एप्रिल १९५८ रोजीं मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर पंडित जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितींत त्यांची जन्मशताब्दि साजरी झाली. आपली शताब्दि आपल्या डोळ्यांनीं पाहण्याचें भाग्य फार थोड्यांना लाभतें.

त्यांच्या मागें काय उरलें? हिंगण्याच्या ओसाड जागेभोंवतीं शहर वाढलें आणि त्या भागाला आज कर्वेनगर म्हणतात. स्त्रियांचें विद्यापीठ मुंबईस चालूं आहे. ह्या दोन गोष्टी सर्वांना दिसतात. ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाचें काम मात्र शोधूं गेल्यास सहजीं सांपडणार नाहीं. १९४७ सालीं मुंबई प्रांतांत प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला. १९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या शाळांचा भार त्यांनीं घेतला. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला. जें काम एका पेन्शनरनें चार आण्यांच्या वर्गणीवर सुरू केलें, तें करणें आपलें कर्तव्य आहे असें सरकारानें मानलें. त्या मंडळाची आठवण पुसट झाली ह्याचें म्हणूनच फारसें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. ज्या दारावर मदत मागावयाची गरज उरत नाहीं, तेथें मागणाऱ्याचा विसर पडणारच.

पण सर्व दारें अद्याप बंद झालेलीं नाहींत. प्रत्येक शहरांत आणि प्रत्येक पेठेंत असें कांहीं तरी काम असतें, जें सरकारच्या यादींत अजून आलेलें नाहीं आणि कोणाच्या पगारांत बसत नाहीं. कोणाला वाचून दाखवावयाचें असतें, कोणाचा अर्ज लिहावयाचा असतो, एखाद्या मुलाचें गणित मागें पडलेलें असतें. त्यासाठीं विद्यापीठ काढावें लागत नाहीं. महर्षि व्हावें लागत नाहीं. रुपयांतला एक पैसा आणि दिवसांतला तेवढाच वांटा वेगळा काढावा लागतो; आणि तो पेन्शनीची वाट न पाहतां, हातांत पहिला पगार पडेल त्या दिवशीं काढावा लागतो. दिवसाच्या चोवीस तासांचा चौसष्टावा भाग बरोबर साडेबावीस मिनिटें होतो. गणिताच्या ह्या शिक्षकानें आपल्या आयुष्यानें सोडवून दाखविलेलें उदाहरण तेवढेंच आहे, आणि तें घरीं करून पाहण्यासारखें आहे.